तौर सरांचे खोटे विद्यार्थी

दर शनिवारी तौर सर ऑफिसातलं एकेक बटण दाबून पाहत. बंद पडलेल्या पंख्याचंसुद्धा. "तो जळालाय, सर," म्हटलं तर म्हणत, "पंखा जळाला. बटणाचं काय?"

जालन्यात शाळांच्या निकालाचे प्रोग्राम लिहून देणारं आमचं छोटं ऑफिस होतं. कॉम्प्युटर नवे होते, आम्ही चौघं पोरं अतिशहाणी होतो आणि घनसावंगीकडचे तौर सर आमच्याहून वीस वर्षांनी मोठे. प्रोग्राम लिहून दाखवला की ते एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारत, "हिचा नंबर कधी लागणार?" म्हणजे, ही ओळ कुठल्या विद्यार्थ्यासाठी चालेल? तसा विद्यार्थी टाकून पाहिला का?

आम्ही कुठले पाहतोय! शेवटी सरांनीच एक प्रोग्राम लिहिला. तो आमचा प्रोग्राम वाचायचा आणि प्रत्येक ओळीसाठी आपणच एक खोटा विद्यार्थी तयार करायचा. पस्तीसच्या खाली नापास, अशी ओळ दिसली की चौतीस गुणांचा. गैरहजेरीची ओळ दिसली की गैरहजर. सरांना या खोट्या पोरांचीही काळजी. "चौतीसवाला थोडक्यात गेला रे," असं हळहळत. पण त्याच प्रोग्रामनं एकदा चूक पकडली. गैरहजर मुलं आमच्याकडे पहिल्या श्रेणीत पास होत होती. ती ओळ माझी होती. बाकीचे तिघे मला आठवडाभर हसले.

त्याचा राग मी सरांवर काढला. ते एकटेच राहत, त्यांच्या खोलीवर कधी कुणी गेलेलं नव्हतं. मी आमच्या निकालाच्या प्रोग्रामात गुपचूप एक ओळ घातली. गुण पस्तीसपेक्षा कमी आणि त्याच वेळी पंचाहत्तरपेक्षा जास्त असतील, तर पडद्यावर लिही, 'तौर सरांकडे पाहुणे आले.' असा विद्यार्थी जन्माला यायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सरांच्या प्रोग्रामला तो सापडेना. कागदावर नुसता ओळीचा नंबर छापून येई आणि पुढे 'जमलं नाही'. ओळ उघडून बघायची सोडून सरांनी दोष स्वतःच्या प्रोग्रामला दिला. तीन दिवस तो दुरुस्त करत बसले. जेवणाचा डबा तसाच परत नेत. बाकीच्या तिघांना मी सांगून ठेवलं होतं; आम्ही मॉनिटरमागे खुसखुसत होतो.

चौथ्या दिवशी त्यांनी ती ओळ उघडली. वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. तेवढ्यात मालक आले.

"सर, तीन दिवस काय करून राह्यले तुम्ही?"

"माझ्याच प्रोग्रामात खोट व्हती, साहेब."

"मंग बंद करा तो खेळ. बिलकुल बंद."

"बराबर हाय," सर म्हणाले. मी मॉनिटरमागे आणखी खाली वाकलो.

दुपारी पोरं चहाला गेली तेव्हा सर माझ्याजवळ येऊन बसले. "संजू, ओळ लिहिताना कंसाच्या आधी जागा सोडायची सवय इथं तुझी एकट्याचीच हाय."

मी मान खाली घातली.

"माझं काही चुकलं का रे तुझ्याशी?"

"न्हाई सर. गंमत केल्ती."

"हां. गंमत." ते जरासे हसले. मग आपणहून म्हणाले, "खोलीत एकच कप हाय. म्हणून मी कोणाला या म्हणत न्हाई. रविवारी येतो का? दुसरा आणतो."

"येतो," मी म्हणालो.

रविवारी मी घरी मॅच बघत बसलो. त्यांना तोंड कसं दाखवायचं म्हणून गेलो नाही, असं पुढे लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे कंटाळा केला.

सोमवारी सरांनी काही विचारलं नाही. त्यांच्या टेबलावर निळ्या फुलांचा एक कोरा कप होता. त्यात त्यांनी पेनं उभी करून ठेवली होती.