तात्यांचे बनावट घड्याळ

आमच्या तात्यांना ‘किती वाजले?’ असे कधीही विचारू नये. ते मनगटाकडे पाहत नाहीत, विचारणाऱ्याकडे पाहतात आणि अतिशय सौम्यपणे म्हणतात, “कुठल्या घड्याळानं?”

तात्या मूळचे भोरपलीकडच्या हिर्डोशी गावचे. कामथडीला महामार्गालगत, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचे मोबाईल ॲप बनवणारे छोटेसे कार्यालय आहे. तेथील ते मुख्य प्रोग्रॅमर. महाविद्यालयातील नोकरी सोडून, केस पिकू लागल्यावर, मी हे काम शिकायला त्यांच्या हाताखाली आले. आमचे ॲप गुरे पाळणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. म्हैस भरवल्याची, म्हणजे रेड्याकडे नेल्याची, तारीख टाकली, की ती केव्हा विणार हे ते सांगते आणि त्या दिवशी आठवणही करून देते.

पहिल्याच दिवशी मी कोडचा एक तुकडा लिहिला, तो बरोबर चालतो का हे तपासणारी चाचणी लिहिली आणि ती उत्तीर्ण झाली. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी नापास! मी एक अक्षरही बदलले नव्हते. घाबरून तात्यांना बोलावले.

“मॅडम, तुमी कोडात मोबाईललाच आजची तारीख इचारलीया. त्यो बिचारा रोज खरं बोलतोय, म्हनून रोज येगळं बोलतोय. मोबाईलला येळ इचारायची न्हाई. त्येला येळ आपुन द्यायची!”

म्हणजे चाचणीपुरते एक बनावट घड्याळ कोडच्या हाती सोपवायचे. त्यात आपण ठरवू तीच तारीख राहते.

तत्त्व निर्दोष आहे. अडचण एवढीच, की तात्या ते कार्यालयाबाहेरही पाळतात. “उद्या जेवायला या,” असे म्हटले, की “उद्या म्हंजी कुठला ‘आज’ धरून?” खालच्या चहावाल्या शिंदेमामांनी ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावली, तेव्हा तात्या चहा निवेपर्यंत तिच्यासमोर उभे राहिले.

“मामा, ही पाटी चाचणीला बसत न्हाई. हिच्यावर पक्की तारीख टाका.”

“मंग त्या दिशी तुमी उधार मागाल की!”

“मागनारच. चाचणी पास व्हईल.”

“आन् मी नापास!”

ॲप सोमवारी दूधसंस्थेच्या सभासदांना द्यायचे ठरले होते. पहिला खरा वापर म्हणून तात्यांनी ते आधीच गावी राहणाऱ्या आपल्या आईच्या मोबाईलवर बसवले होते, आणि आईंनी घरच्या गाभण म्हशीची तारीख स्वतः भरली होती. ठरल्या दिवशी मोबाईलने कळवले, ‘आपली म्हैस आज विणार.’ तात्यांनी फोन केला. म्हैस व्यायली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही नाही.

तात्यांनी लीप वर्ष तपासले, मोबाईल आतून धरतो ती लंडनची वेळ तपासली, शेवटी बनावट घड्याळही तपासले. साऱ्या चाचण्या उत्तीर्ण, आणि म्हैस मात्र शांतपणे रवंथ करीत उभी. हिशोबच चुकीचा असेल, तर ॲप बाहेर पडणार नव्हते. तात्यांनी डोक्याला हात लावला. “गावोगावच्या म्हशी माज्या नावानं हंबरतील, मॅडम.”

“आईंनी कोणती तारीख भरली, ते विचारून पाहावे का?” मी चाचरत सुचवले.

“आई? ती तारखेत चुकायची न्हाई.” तरीही त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

“आये, म्हस कवा भरवली हुती?”

“शिमगा झाल्याव.”

“मोबाईलात तर संक्रांतीची तारीख हाय!”

“व्हय. म्याच टाकली.”

“अगं, पर का?”

“तूच म्हनला हुतास, म्हस व्यायल त्या दिशी घरी येतो. म्हनलं, दिस जरा अलीकडं घ्यावा. तर तू आपला रोज फोनवरच इचारतोयस, व्यायली का, व्यायली का!”

तात्यांनी मोठा आवाज बंद करून फोन कानाशी धरला. हिशोब अचूक होता, ॲप सोमवारी जाणार होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता. मी उगाचच माझ्या पडद्याकडे पाहत राहिले.

“तारीख दुरुस्त करू का?” मी हळूच विचारले.

“ऱ्हाऊ द्या तशीच.”

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि फोन कानाशी धरूनच भोरची एसटी गाठायला जिना उतरू लागले. खालून आवाज आला, “आये, नाचणीची भाकरी एक जास्तीची थाप.”