आईची तपासणी

विम्याचा फॉर्म आपण स्वतः भरायचा, असं हेडक्लार्कसाहेबांनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

सरकारी आरोग्य विम्याच्या नव्या योजनेत म्हाताऱ्या माणसांना घरी मदतनीस मिळते. पण आधी तपासणीच्या बाई येऊन गरज खरी आहे का ते बघतात. आईची गरज खरी होती. वय ब्याऐंशी. गेल्या महिन्यात ती न्हाणीघरात घसरली आणि सूनबाई कामावरून येईपर्यंत तासभर फरशीवर पडून राहिली. तो तास साहेबांच्या मनातून जात नव्हता. (त्या तासात ते ऑफिसात जावक रजिस्टरवरून कुणाशी तरी हुज्जत घालत होते, हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं.)

"आई, उद्या त्या बाई आल्या की पलंगावरून उठू नकोस."

"परक्या बाईसमोर लोळत पडू? काहीतरीच तुझं!"

"अगं, उठताना धरावं लागतं, हे खरंय ना?"

"खरंय. पण ते घरातलं आहे."

दुसऱ्या दिवशी बेल वाजली, तर दार आईनेच उघडलं. केस चापूनचोपून विंचरलेले, कपडे इस्त्रीचे, काठी पलंगाखाली दडवलेली. बाई टेकतात न टेकतात तोच चहा हजर.

"आजी, जिना चढता येतो?"

"त्यात काय मेलं!" म्हणत आई चढून, उतरून आलीसुद्धा.

साहेबांना घाम फुटला. "अहो, हे आजच! एरवी नाही हो!"

"बरं, वयाचा दाखला बघू."

"आई, दाखला कुठाय गं?"

"निळ्या फायलीत. तुझ्या पुढ्यातच आहे."

"आणि माझा चष्मा?"

"थांब, आणते."

"गोळ्यांचं कोण बघतं, आजी?" बाईंनी विचारलं.

"मीच. त्याच्या बीपीच्याही मीच काढून हातात देते, नाहीतर विसरतो."

बाई भराभर लिहीत होत्या. एवढं लिहितायत म्हणजे काम फत्ते, असं वाटून साहेबांनी दुसरा चहा मागितला. आईकडे.

बाई गेल्या आणि आई मटकन पलंगावर बसली. गुडघे टम्म सुजले होते.

"पाय जरा वर उचलून ठेव रे. माझ्याने नाही होत."

साहेबांनी पाय उचलून ठेवले. "कशाला केलंस गं हे?"

"आपल्या घरात कुणाचं नीट चालत नाही, असं वाटायला नको त्यांना."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मदतनीस मंजूर, रोज तीन तास!

"बघितलंत? फॉर्म भरावा तर असा!" साहेबांची कॉलर ताठ.

"मागचं पान वाचा," सूनबाई म्हणाली.

मागे लिहिलं होतं: 'प्रकार: वृद्ध सांभाळकर्त्यास विश्रांती. सांभाळकर्ती: आई, वय ब्याऐंशी. अवलंबित व्यक्ती: मुलगा, वय त्रेपन्न.'

"हरकतीचा अर्ज टाकतो! आजच्या आज!"

"टाक," आई शांतपणे म्हणाली. "आणि मी पुन्हा पडले की त्याची पोच मला फरशीवर आणून दाखव."

साहेबांनी उपसलेलं पेन पुन्हा खिशाला लावलं.

सोमवारी मदतनीस बाई आल्या. त्यांनी आईला धरून न्हाणीघरात नेलं, धरून आणलं, पाय चोळून दिले. कितीतरी दिवसांनी आई दुपारी निवांत झोपली, आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला.

जाताना बाईंनी हजेरीचं पुस्तक उघडलं, 'अवलंबित व्यक्ती'च्या रकान्यावर बोट ठेवलं आणि साहेबांच्या कानाशी वाकून मोठ्याने, मायेने विचारलं, "काका, सही जमते ना? की अंगठा घेऊ?"