सहादू पगारे यांची रंगीत तालीम

कॅमेऱ्याच्या वायरीला तीन पिना होत्या, पिवळी, लाल आणि पांढरी. टीव्हीला पाठीमागे खाच एकच होती. सहादूभाऊ पगाऱ्यांनी आपला जुना शटरचा टीव्ही भिंतीपासून ओढून काढला, टॉर्च मारून त्याची पाठ दोनदा तपासली. पण एका खाचेच्या तीन काही होईनात.

"अहो, किती वेळ त्याच्या पाठीशी लागणार?" सुमनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"एकच खाच हाय गं."

"मग एकच पिन लावा. बाकीच्या राहू द्या तशाच."

सल्ला अगदीच टाकाऊ वाटला नाही. सहादूभाऊंनी आधी पिवळी पिन लावून बघितली, मग पांढरी, मग लाल. प्रत्येक पिन आत जायची, ढिली पडायची आणि गळून खाली यायची. टीव्हीवर मुंग्या दिसत होत्या, त्या तिन्ही वेळा तशाच दिसत राहिल्या.

हा सगळा खटाटोप रविवारच्या निरोप समारंभासाठी होता. बरोबर खालच्या मजल्यावरचे कोंडाजी बेंडकुळे इंदिरानगरचं घर बंद करून पुण्याला मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते. सोसायटीनं गच्चीवर मांडव, शाल, पुष्पगुच्छ असा बेत ठरवला आणि सत्कारमूर्तींविषयी दोन शब्द बोलायची कामगिरी सहादूभाऊंच्या गळ्यात घातली. दोघांनी उभी हयात रेल्वेत काढली होती. कोंडाजी मालगाडीच्या इंजिनात आणि सहादूभाऊ त्याच गाडीच्या शेपटाला, गार्डाच्या डब्यात. इगतपुरीचा घाट दोघांनी मिळून कितीदा चढला-उतरला, याचा हिशेब रेल्वेकडेसुद्धा नसेल. निवृत्तीनंतर घरंही त्यांनी वर-खाली घेतली. तेव्हा बोलायला यांच्याइतका लायक माणूस दुसरा कुठे मिळणार?

अडचण एवढीच होती की गेल्या उन्हाळ्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. सहादूभाऊ पाण्याची मोटर चालू करून पेपर वाचत बसले, गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि कुसाबाई बेंडकुळ्यांनी वाळत घातलेल्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला. तेवढ्यावर भागलं असतं. पण सोसायटीच्या बैठकीत कोंडाजी म्हणाले, "गार्डाला मागच्या डब्यात झोपायची सवयच असते." त्यावर सहादूभाऊ म्हणाले, "ड्रायव्हरला काय, रूळ नेतील तिकडं जायचं. अक्कल लागतेच कुठं?" तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले की एक जण चपलेत अडकलेला खडा काढायला वाकायचा आणि दुसरा छताकडे बघायचा.

बोलणं तुटलं, पण वायर तुटली नव्हती. दोघांत केबलची जोडणी एकच होती. गच्चीवरून वायर पगाऱ्यांच्या बाल्कनीत यायची आणि तिथे जोड देऊन तिचा एक फाटा खाली कोंडाजींच्या खिडकीत सोडला होता. भांडणानंतर ती कापायची कोणीच गोष्ट काढली नाही. कोंडाजींनी जावं असं सहादूभाऊंना मुळीच वाटत नव्हतं. पण "थांब" म्हणायला आधी बोलायला हवं, आणि आधी कोणी बोलायचं इथेच सगळं अडलं होतं. आता उरलं होतं ते भाषण. त्यात काहीतरी असं बोलायचं की गड्याचा पाय निघता कामा नये, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण ते आयुष्यात कधी माईकसमोर उभे राहिले नव्हते. मुलानं, बुद्धभूषणनं, समारंभाचं चित्रण करायला आपला नवा डिजिटल कॅमेरा घरी ठेवला होता. त्याच्यासमोर तालीम करून आपण कसे दिसतो ते बघावं, असं त्यांनी ठरवलं. कॅमेऱ्याचा पडदा मात्र काडेपेटीएवढा. त्यात त्यांच्या मिशासुद्धा नीट मावत नव्हत्या.

शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला. संजना नामपूरला शाळेत शिक्षिका होती.

"पप्पा, आपला जुना व्हीसीआर आहे ना दिवाणात? त्याला मागे पिवळी-पांढरी लागते. कॅमेरा व्हीसीआरला जोडा आणि व्हीसीआर टीव्हीला."

"आणि लाल?"

"लाल राहू द्या. ठेवते, माझा तास आहे."

ज्यानं जन्मभर लाल रंग दाखवून गाडी थांबवली, त्याला लाल पिन नुसती लोंबकळत सोडणं जड गेलं. पण इलाज नव्हता. दिवाणातल्या गोधड्यांखालून व्हीसीआर निघाला. पिवळी आणि पांढरी पिन चपखल बसली. आता प्रश्न टीव्हीचा. व्हीसीआरला टीव्हीसारख्या खाचा दोन होत्या, एक आत येणारी आणि एक बाहेर जाणारी. पण त्यांच्यावरची अक्षरं कधीच पुसली गेली होती. सहादूभाऊंनी दोन्हींवर फुंकर मारली आणि एक पसंत केली.

"केबल काढायची नाय हां," सुमनबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "चारला माझी मालिका हाय. गेल्या आठवड्यात ती सासू शुद्धीवर यायची राहिलीय."

त्यामुळे केबल काढून तिच्या जागी व्हीसीआर लावायचा सरळ मार्ग बंद झाला. सहादूभाऊंनी बाल्कनीतल्या डब्यातून एक जास्तीचा जोड शोधला आणि केबल, टीव्ही आणि व्हीसीआर या तिघांच्या वायरी त्यात एकत्र आणल्या. छोटं जंक्शनच झालं ते. तीन बाजूंनी आलेली गाडी कुठल्या कुठल्या दिशेला सुटू शकते, हा विचार रेल्वेच्या माणसाला खरं तर सुचायला हवा होता.

मग ते टीव्हीची बटणं पिळत बसले. पाचव्या बटणावर, जिथे एरवी केबलवाला दुपारभर जुने सिनेमे लावायचा, तिथे अचानक दिवाण, भिंतीवरचं कॅलेंडर आणि स्वतः सहादू पगारे दिसू लागले.

"अगं ये, ये! मी आलो!"

सुमनबाई पदराला हात पुसत आल्या आणि हरखून बघत राहिल्या. "रंगीत दिसताय की हो! पण पोट आत घ्या जरा."

तेवढ्यात टीव्हीतून कान किटतील अशी शिट्टी सुरू झाली. टीव्हीचा आवाज कॅमेऱ्यात आणि कॅमेऱ्याचा टीव्हीत असा घोळ होता तो. सहादूभाऊंनी टीव्हीचा आवाज पार बंद करून टाकला. आपल्याला आपलं तोंड बघायचंय, आवाज काय, तो तर ऐकू येतोच, असा त्यांचा हिशेब होता. चित्र आहे ना, मग झालं. त्यांनी टोपी नीट केली, समोर उशी ठेवून ती माईक मानली आणि सुरुवात केली.

"उपस्थित मान्यवर, बंधू आणि भगिनींनो. कोंडाजीराव बेंडकुळे म्हणजे एक आदर्श व्यक्तिमत्त्व. अत्यंत मनमिळाऊ आणि शांत स्वभाव..."

खालच्या मजल्यावर कोणालातरी जोराचा ठसका लागला.

"शांत?" सुमनबाईंनी विचारलं.

"भाषणात तसं म्हणायचं असतं."

"लोक उठून जातील. खरं काहीतरी बोला."

"खरं बोलू?" सहादूभाऊंनी उशी बाजूला सारली. "खरं बोलायचं तर हा माणूस घाटात असा ब्रेक दाबायचा, की मागं माझ्या कपात चहाचा थेंब राहायचा नाय. सगळा सदऱ्यावर!"

"मग काय सिग्नल मोडून गाडी दरीत घालू?" खालच्या खिडकीतून कोंडाजींचा आवाज आला.

सुमनबाई चमकल्या. "कोंडाजीभाऊ कुणावर खेकसतायत?"

"सामान भरणारे आले असतील. त्यांनाबी रेल्वेच्या गोष्टी ऐकवतोय वाटतं." सहादूभाऊ पुन्हा टीव्हीतल्या सहादूभाऊंकडे वळले. आता त्यांना रंग चढला होता. "रमी खेळताना पत्ता मांडीखाली सारायचा. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी."

"कवा? कवा सारला? आण साक्षीदार!" खालून पुन्हा आरोळी आली.

"सामान राहिलं बाजूला, डाव मांडलेला दिसतोय," सहादूभाऊ म्हणाले. "आणि चहा पितो कसा? चौथ्या घराला ऐकू जातो. सकाळी फिरायला निघालं की स्वतः पुढं पुढं पळणार, जसा काय मी अजूनबी शेवटच्या डब्यातच बसलोय. आणि हट्टी तर असा..."

"मग जाऊ द्या की त्यांना पुण्याला!" सुमनबाईंना हसू आवरेना. "ब्याद टळली म्हणायचं."

"जाऊ द्या कसं?" सहादूभाऊ एकदम उखडले. "मी सकाळी कुणाबरोबर फिरू? त्या सोसायटीच्या मल्हारीबरोबर? तो फक्त प्लॉटच्या गोष्टी करतो. लय वाईट वाटतं गं. पुढं हा गाडी चालवतोय म्हटल्यावर मी मागं बिनघोर बसायचो. किती अंधार असो, किती पाऊस असो, मला कधी भीती वाटली नाय. आता हा खालनं निघून गेला तर माझं काय ऱ्हातं या बिल्डिंगीत? माझ्या मनात तो जायला नको हाय. पण त्याला सांगणार कोण? मी नाय सांगणार. आधी त्यानं बोलावं."

सुमनबाईंचं हसू गेलं. त्या हळूच म्हणाल्या, "तिकडं त्यांचंबी तेच चाललंय. कुसाबाई सांगत होत्या, त्यांना पुणं नकोच हाय. 'सहादू एकदा तोंडानं थांब म्हणाला असता तर सामान बांधलंच नसतं,' असं म्हणतात. मला कुणाला सांगू नका म्हणाल्यात हो. तुम्ही बोलू नका कुठं."

 खाली मघापासून चाललेली, भांडी पोत्यात भरण्याची आदळआपट एकदम थांबली.

फोन वाजला. संजना होती. "पप्पा, तास संपला. मघाशी सांगायचं राहिलं. व्हीसीआर लावताना केबलची वायर आधी काढून ठेवा हं. नाहीतर आपलं चित्र उलटं त्या वायरीतून खाली कोंडाजीकाकांच्या टीव्हीवर जाईल. आवाजासकट."

सहादूभाऊंनी रिसीव्हर कानाला लावूनच टीव्हीकडे बघितलं. टीव्हीत एक टोपी घातलेला माणूस रिसीव्हर कानाला लावून उभा होता आणि त्याचं तोंड उघडं पडलं होतं.

"पप्पा? काढलीत ना?"

"काढतो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. सुमनबाईंना त्यांनी दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. त्या मटकन दिवाणावर बसल्या आणि लगेच उठून कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाल्या.

सहादूभाऊंचा हात वायरीकडे गेला. कान तापले होते. वायर ओढली की सगळं बंद होणार होतं, आणि मग रविवारी मांडवात हातात शाल घेऊन या माणसासमोर उभं राहायचं होतं. तिथे आपल्या तोंडून यातलं अक्षर निघणार नाही, हे त्यांना पुरतं कळून चुकलं. पण समोर कोंडाजी नव्हते. समोर नुसता कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्याशी काही त्यांचं भांडण नव्हतं. त्यांनी वायर सोडली, टोपी काढली आणि कॅमेऱ्याच्या भिंगात बघत म्हणाले, "कोंडाजी, थांब रे. जाऊ नको. चहा टाकायला सांगतो, वर ये."

खाली खुर्ची करकरली. मग खिडकीतून आवाज आला, "साखर कमी टाकायला सांग! मला डॉक्टरनं बंद केलीय!"

इतक्या महिन्यांत कोंडाजींनी त्यांना उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं. सहादूभाऊंचे डोळे भरून आले. सुमनबाई आधण ठेवायला धावल्या.

जिन्यात चपलांचा आवाज आला. तो दोन माणसांचा वाटेना. दार उघडलं तर पुढे कोंडाजी, मागे कुसाबाई, त्यांच्या मागे सोसायटीचे सचिव मल्हारी, तळमजल्यावरच्या सरुबाई आणि समोरच्या घरातली सगळी मंडळी. सरुबाईंनी तर डोळ्याला पदर लावला होता.

"लय छान बोललात सहादूभाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं आवाज जरा बारीक येत होता, पण तोंड स्पष्ट दिसलं."

"तुमच्याकडं?" सहादूभाऊंच्या कपाळाला आठी पडली. "तुमच्याकडं मी कसा आलो? माझी वायर कोंडाजीकडं जाते."

 मल्हारी छताकडे बघू लागले. कोंडाजी वाकून चपलेतला खडा काढू लागले.

"कोंडाजी, तू माझी वायर पुढं वाटलीस?"

"शेजारपाजार म्हणून दिली जरा. अंधारात बसतील का लोकं?"

"म्हणून माझं चित्र असं मुंग्या आल्यासारखं दिसतं! वर्षभर मी त्या केबलवाल्याला शिव्या घालतोय!"

"तुझा टीव्ही भंगार हाय, त्याला माझी वायर काय करणार?"

"तुझी? वायर माझ्या बाल्कनीतनं येते!"

"निम्मी माझी हाय!"

"निम्मी म्हणजे कुठली? वरची का खालची?"

"बस खाली, सांगतो तुला कुठली ते!" म्हणत कोंडाजी दिवाणावर मांडी घालून बसले. सहादूभाऊ समोर खुर्ची ओढून बसले. टीव्हीत दोघंही दिसत होते, रंगीत आणि बिनआवाजाचे, एकमेकांच्या तोंडासमोर बोटं नाचवणारे.

मल्हारी घाबरून स्वयंपाकघरात आले. "वहिनी, मध्ये पडा कोणीतरी. आत्ता कुठं जुळत आलं होतं. रविवारच्या मांडवाचं काय करू मी?"

"मांडव रद्द करा," कुसाबाई म्हणाल्या. त्यांनी बाहेरच्या आवाजाचा कानोसा घेतला. वायरीचा हिशेब सांगता सांगता कोंडाजी आता कुठे गच्चीवरच्या खांबापर्यंत आले होते. तिथून खाली यायला त्यांना बराच वेळ लागणार होता. कुसाबाईंच्या चेहऱ्यावरचा आठवडाभराचा ताण उतरला. त्यांनी चहाचा कप उचलला, उभ्या उभ्या संपवला आणि पदर खोचला.

"हे भांडण अर्धवट टाकून आमचे हे काय कुठं जायचे नाय," त्या सुमनबाईंना म्हणाल्या. "मी खाली जाऊन भांड्यांची पोती सोडते."