खासनीसकाकांनी न घेतलेली रायफल

या देशात माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलंत तर मी मुकुंद खासनीस हे नाव सांगेन. राहणार टार्निट, मेलबर्न. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, काम दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासण्याचं, आणि गॅरेजमध्ये बंदुकीची पोलादी तिजोरी. तिच्यात बंदूक नव्हती. टॉयलेट पेपर होता.

पहिल्या लॉकडाऊनच्या तोंडावर दुकानांतून टॉयलेट पेपर गायब झाला, तेव्हा काकांनी मिळाले तेवढे रोल आणून तिजोरीत कुलूपबंद केले. रोल हवा असेल तर मी त्यांच्या खोलीच्या दारावर टकटक करायचो.

"किती?"

"एक."

मग ते गॅरेजमध्ये जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे, चावी फिरवायचे, रोल काढायचे आणि तिजोरी पुन्हा बंद करायचे.

"काका, चावी इथेच ठेवली तर?"

"कायद्याने चावी परवानाधारकाकडेच पाहिजे."

"पण आत रोल आहेत."

"आज रोल आहेत. सवय रायफलची लागली पाहिजे. विषय संपला."

'विषय संपला' हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यानंतर विषय साधारण अर्धा तास चालायचा.

मी परतूरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि परदेशी आलेलाही पहिला, त्यामुळे अडचण आली की विचारायचं कुणाला हे मला कळत नसे. कॅफेतलं माझं काम बंद झालं आणि खोली सोडायची वेळ आली, तेव्हा मी मराठी मंडळींच्या ग्रुपवर संकोचाने दोन ओळी टाकल्या. पाच मिनिटांत एका अनोळखी माणसाचा फोन आला.

"पोहे कांद्याचे की बटाट्याचे?"

"कसेही चालतील, सर."

"चालतील हे उत्तर नाही. निवड."

"कांद्याचे."

"ये मग. मागची खोली रिकामी आहे."

भाड्याचं विचारलं तर म्हणाले, विषय संपला. तो एकच विषय त्यांनी खरोखर संपवला.

दुसऱ्याला 'निवड' म्हणणारा हा माणूस स्वतः काहीही निवडू शकत नसे. फ्रिज घ्यायला त्यांना एक पूर्ण उन्हाळा लागला होता, तोवर दूध शेजारच्या पंजाबी कुटुंबाकडे ठेवत. लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं. "शॉर्टलिस्ट झाली होती," ते म्हणाले. "दोघी उत्तम होत्या. मी विचार करत होतो तोवर दोघींना मुलं झाली."

आणि रायफल. काका अंडंसुद्धा केकमधलंच खात. झुरळ दिसलं तर त्याला वर्तमानपत्रावर घेऊन बागेत सोडून येत. तरीही हरणाच्या शिकारीसाठी आदर्श रायफल कोणती आणि तिचं कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, कोणतं, हा शोध ते तीन वर्षं करत होते.

"या देशात राहायचं तर इथलं काहीतरी आपल्याला आलं पाहिजे," ते सांगत. "पोहणं जमलं नाही. बिअर जमली नाही. क्रिकेटवर बोललं की ते आपल्यालाच शिकवतात. राहिली शिकार."

म्हणून रीतसर कोर्स केला, परवाना काढला, तिजोरी भिंतीला बोल्टने आवळली. त्यासंबंधी चौकशीला आलेल्या पोलिसाने ती उघडायला लावली, आतले रोल बराच वेळ पाहिले आणि "व्हेरी सिक्युअर, मेट," म्हणून निघून गेला. उरली होती फक्त रायफल.

लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नव्हतं, त्यामुळे शिकार आमच्या जेवणाच्या टेबलावर चाले. इथल्या डोंगरांत सांबर आहे. कोणे एके काळी गोऱ्यांनी ते आपल्याकडून बोटीने आणून सोडलं. "आपल्यासारखंच आलेलं," काका म्हणत. "त्याला आपल्याआधी पीआर मिळाला, कायमचा मुक्काम." सांबर मोठं जनावर, म्हणून कायद्याने टू-सेव्हन्टीपेक्षा लहान कॅलिबर चालत नाही. तिथून पुढे काकांचा घोळ सुरू होई. थ्री-ओ-एटच्या गोळ्या कुठेही मिळतात, पण लांबवर गोळी लवकर खाली येते. सेव्हन एमएम-ओ-एटचा धक्का खांद्याला सोसतो, पण गोळ्या खेड्यातल्या दुकानात मिळतील का? थ्री हंड्रेड मॅग्नम म्हणजे भिंत पाडायला तोफ. टू-सेव्हन्टी उत्तम, पण जुनाट. शिवाय दाट झाडीत नळी आखूड हवी, चढावर वजन कमी हवं, आणि वजन कमी केलं की धक्का वाढतो.

"मग थ्री-ओ-एट घ्या ना," मी भाकरी मोडत म्हणायचो.

"घेतली असती. पण लांबचं हरण असलं तर?"

"जवळ जा."

"आणि ते पळालं तर?"

"तर वाचलं बिचारं."

 मला वाटे, ते वाचावं हेच त्यांना हवं असावं.

त्यांचा या विषयातला गुरू म्हणजे ग्रॅहम. डोंगराच्या पायथ्याशी सफरचंदाची बाग असलेला सत्तरीचा शेतकरी, कोर्सला भेटलेला. दर रविवारी काका त्याला फोन करत. तो नेहमी एकच सांगे, "एनी ऑफ देम विल डू, मेट. इट्स व्हेअर यू पुट इट." म्हणजे कॅलिबर कुठलंही घे, गोळी नेमकी जागी लागली पाहिजे. काका फोन ठेवून म्हणत, "अभ्यास नाही त्याचा."

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्याहून फोन आला. काकांच्या आईंना कोविड झाला होता. विमानं बंद होती. मी ओट्याशी कणीक मळत होतो आणि काका फोन स्पीकरवर ठेवून टेबलाशी बसले होते. डॉक्टर दमलेल्या आवाजात बोलत होते. वय बघता व्हेंटिलेटरचा उपयोग होईल याची खात्री नाही, त्रास मात्र होईल. लावायचा, की त्यांना औषध देऊन शांत ठेवायचं?

"तुम्ही मुलगा आहात. तुम्ही सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"दोन पर्याय आहेत म्हणजे," ते म्हणाले. "मला एक दिवस द्या."

त्यांनी लॅपटॉप उघडला आणि वाचत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करायच्या आधी फोन आला. आई गेल्या होत्या. शेवटी धाप फार लागली होती, असं सिस्टर म्हणाल्या. त्यांना वाटलं असेल, मुलाला सगळं सांगावं.

काका त्यावर कधीच बोलले नाहीत. काही दिवसांनी जेवताना रायफलचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा मला बरंच वाटलं. पण आता त्यांना नळी, वजन, धक्का काही नको होतं. एकच विचारायचे.

"त्याला कळतं का रे?"

"कुणाला?"

"हरणाला. गोळी आवाजाच्या आधी पोहोचते. म्हणजे कळत नसणार."

मी म्हणायचो, "नसेल कळत, काका." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारायचे.

जूनमध्ये निर्बंध जरा सैल झाले आणि ग्रॅहमने बोलावलं. मोतीबिंदूचं त्याचं ऑपरेशन लॉकडाऊनमुळे दोनदा पुढे गेलं होतं, गाडी चालवता येत नव्हती, माणसांवाचून कंटाळला होता. आम्ही डबा घेऊन निघालो. पोहोचलो तर तो फाटकातच उभा.

"मूकुंड, गुड. कम विथ मी." हातात रायफल होती, बोल्ट उघडा, म्हणजे चुकून गोळी सुटणार नाही असा.

बागेच्या वरच्या कुंपणात, सकाळच्या धुक्यात, सांबराची मादी अडकली होती. रात्री उडी मारताना मागचे दोन्ही पाय तारेत गेले असावेत. ते कसे वळले होते ते मी एकदाच पाहिलं. ती उठायला बघे, तार ताणली जाई, आणि तिच्या गळ्यातून जो आवाज येई तो मला कुठल्याच जनावराचा वाटला नाही.

"आय कान्ट सी टू डू इट," ग्रॅहम म्हणाला. "आय'ल मेस इट अप. यू'व्ह गॉट द लायसन्स."

काकांनी हात खिशातून काढले नाहीत. "रेंजरला फोन?"

"कम्स आफ्टर लंच."

"वायर कापली तर?"

"हर लेग्ज आर गॉन, मेट."

मादी पुन्हा उठायला गेली. पुन्हा तो आवाज.

"म्हणजे दोन पर्याय आहेत," काका म्हणाले.

 हे वाक्य मी ऐकलं होतं, आणि त्याच्या पुढचंही. त्यांनी आता एक दिवस मागितला, तर ती दुपारपर्यंत अशीच तडफडेल. आणि मग हा माणूस यातून कधीच उठणार नाही, हे मला त्या धुक्यात स्वच्छ दिसलं.  

"कुठलं आहे हे?" काकांनी रायफलकडे बोट केलं.

"टू-सेव्हन्टी. माय डॅड्स."

जुनाट म्हणून बाद केलेलं. काकांनी ती हातात घेतली. "तिच्या मागे माती आहे ना?" त्यांनी मला विचारलं. मी पाहिलं. मागे उतार होता, माणूस नाही, घर नाही. "आहे," मी म्हणालो.

"मग तू माझ्या मागे ये."

ते पुढे गेले, एका गुडघ्यावर बसले आणि त्यांनी बोल्ट बंद केला. मादीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नळीचं टोक हलत होतं. त्यांनी रायफल खाली घेतली. मी डोळे मिटले. मग त्यांनी हळूच, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं म्हटलं, "नाही. आता थांबायचं नाही. कळणार नाही तुला."

गोळीचा आवाज डोंगरात बराच वेळ फिरला. मी डोळे उघडले, तेव्हा ती हलत नव्हती. काकांनी बोल्ट उघडला, रायफल ग्रॅहमच्या हातात दिली, आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या मानेवर हात ठेवला.

"झालं," ते म्हणत होते. "झालं गं. झालं."

परत येताना ते 'विषय संपला' म्हणाले नाहीत. डबा कुणी उघडला नाही. टार्निटचा फाटा आला, तेव्हा एवढंच म्हणाले, "कळलं नाही तिला. मी बघत होतो." आणि घरी येईपर्यंत रडत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण त्यांना तसंच हवं असणार.

पुढे मला सिडनीत वेस्टमीडच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरी लागली. काका एकदा म्हणाले होते, "टाइप केलेलं दिसलं की मी चुका शोधतो, हाताने लिहिलेलं असेल तरच वाचतो." म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यांना हे हाताने लिहून पाठवलं.

*ती. काकांस सा. न.*

*पोहोचलो. खोली बरी आहे. पोहे कांद्याचेच करतो.*

*नमुने घ्यायला मला वॉर्डात जावं लागतं. तिथे रोज बघतो. डॉक्टर दोन पर्याय सांगतात आणि माणसं म्हणतात, एक दिवस द्या. डॉक्टर देतात. शिकलेली, न शिकलेली, सगळी मागतात. कुणाला कोणी दोष देत नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं, समोर बसून जमलं नसतं.*

*ग्रॅहमचा फोन आला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, स्वच्छ दिसतं म्हणाला. पण रविवारी तुमचा फोन येत नाही म्हणून कुरकुरत होता. रायफल घेऊ नका, पण घेणार आहात असं त्याला सांगत राहा. त्याला दुसरं कोण विचारतं?*

*माझीही एक शंका आहे. थ्री-ओ-एट चांगली की सेव्हन एमएम-ओ-एट? सविस्तर कळवा. घाई नाही, हवा तेवढा वेळ घ्या. विषय संपलेला नाही.*

*तुमचा,*
*संतोष*