सत्तारभाईंची दोन दांड्यांची पेटी

ज्या गावात कापसावर अळी पडली आहे, त्या गावातल्या माणसांनी हसायचं असेल तर परवानगी कुणाची काढायची? तलाठ्याची, कृषी सहाय्यकाची, की थेट जिल्ह्याच्या साहेबांची? मला हे खरंच माहीत करून घ्यायचं आहे. कारण आमच्या दुसरबीडच्या स्टँडवर एका माणसाने अशी कुठलीही परवानगी न काढता व्हिडिओ गेमची पेटी उभी केली, आणि तिच्यावरून गावात जेवढा संताप झाला, तेवढा खोट्या बियाण्यावरून झालेला मी पाहिलेला नाही.

या माणसाचं नाव सत्तारभाई पंपवाले. फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान आहे. वय चाळिशी ओलांडलेलं, दाढीला मेंदी, कानावर पेन्सिल, आणि स्वभाव रॉकेलच्या स्टोव्हसारखा. काडी लावायची गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी भडका उडतो. गिऱ्हाइकाला ते "या, बसा" म्हणत नाहीत. "काऊन आला?" म्हणतात. मी पत्रकं छापून वाटते म्हणून मला ते पत्रकबाई म्हणतात. "ओ पत्रकबाई, आज कोनाले जाळाचं आहे?" हा त्यांचा नमस्कार.

दुरुस्त केलेला पंप ते सहजासहजी परत देत नाहीत. आधी पंपात साधं पाणी भरतात. मग गिऱ्हाइकाच्या पाठीला सुतळीने वर्तमानपत्राचं पान बांधतात, त्यावर पंप चढवतात आणि त्या माणसाला ग्रामपंचायतीच्या झेंड्याच्या खांबाभोवती फेऱ्या मारायला लावतात. पान कोरडं राहिलं तर पंप घरी जातो. जरासा डाग दिसला की पंप उतरवून पुन्हा टेबलावर. पेरणीनंतर आमच्या स्टँडवर बसमधून उतरणाऱ्या परक्या माणसाला पहिल्यांदा काय दिसतं? पाठीवर बातम्या बांधून गोल गोल फिरणारे चार-पाच सभ्य शेतकरी. एकदा एका सत्तर वर्षांच्या आजोबांनी तक्रार केली, "अरे सत्तार, सोयरे पाहून राह्यले ना बे." सत्तारभाई ओरडले, "पाहू द्या! औषधाचं इख पाठीवर गळन्यापरीस सोयरे हासलेले परवडले!"

आता पेटीकडे येते.

वादळवाऱ्यात एका बियाणं कंपनीचा रस्त्यावरचा पत्र्याचा फलक पडला. त्यावर एक शेतकरी हसत होता, त्याच्या डोक्यापेक्षा मोठं कापसाचं बोंड त्याच्या हातात होतं, आणि खाली लिहिलेलं होतं, फवारणीची चिंता सोडा. सत्तारभाईंनी तो पत्रा हातगाडीवर घालून आणला आणि कापून पेटीच्या दोन्ही बाजूंना ठोकला. मापात बसावा म्हणून शेवटचा शब्द उडवला. त्यामुळे आता तिथे फक्त "फवारणीची चिंता" उरलं आहे, आणि शेतकरी त्याच्यावर तसाच हसतो आहे. आत जुना डबा टीव्ही. बटणांच्या जागी सायकलच्या घंटीच्या वाट्या, हाताच्या पंजाएवढ्या. आणि खेळायला जे दोन दांडे असतात, ते म्हणजे चक्क फवारणीच्या पंपाचे दांडे. बुडाशी ट्यूबचं रबर बसवून ते चारी दिशांना झुकतील असे केले आहेत. डावा दांडा साधा. उजव्यावर कापडी पट्ट्यांचे इतके वेढे की तो लहान मुलाच्या दंडाएवढा जाड झाला आहे.

"चाचा, खेळाच्या दांड्याला एवढी जाडी कशाला?" मी विचारलं.

"तुले काय? तू जोडी आनली का?"

हा त्यांचा कायदा. या पेटीवर एकट्याने खेळायचं नाही. एकटा माणूस आला की सत्तारभाई त्याला हाकलतात. "जोडी आन. एकल्याले नाई भेटत." एकदा एका बियाणं कंपनीचा टायवाला तरुण प्रतिनिधी आला. शहरात असले खेळ खूप खेळलोय म्हणाला, दांड्याला हात घातला. सत्तारभाईंनी वायर काढून घेतली. तो बिचारा स्टँडभर जोडी शोधत फिरला. टाय पाहून कुणी येईना. शेवटी देऊळगाव राजाच्या गाडीचा कंडक्टर तयार झाला. गाडी भरलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि प्रवासी खिडकीतून ओरडतायत, "मार मार, उजवीकून आला!" कंपनीचा माणूस आधी मेला. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या मनापासून वाजवलेल्या टाळ्या मी कुठल्या सभेतही ऐकल्या नाहीत.

सत्तारभाई जुन्या खेळांच्या कॅसेटी गोळा करतात. जालन्याचे भंगारवाले, धाडचा बाजार, कुणाच्या माळ्यावरची ट्रंक, काही सोडत नाहीत. कॅसेटी पिठाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवतात, जशी ज्वारी ठेवावी. कॅसेट घालण्याआधी तिच्यात फुंकर मारायची आपल्या सगळ्यांची सवय. यांच्या दुकानात फुंकर मारली तर अपमान होतो. "थुकू नको बे! पोटात गेलं तिच्या!"

काही कॅसेटींवर छापलेलं असतं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. लावून पाहिलं की मोजून सात. तेच सात पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी. हे दाखवताना सत्तारभाईंच्या मानेची शीर फुगते. "पाह्य पत्रकबाई. नाव अलग, आत माल एकच. आता कृषी केंद्रात जाऊन बियान्याच्या थैल्या पाह्य. ही सोनं, ती चांदी, ती राजा. आत? तेच! कॅसेटवाल्यानं फसवलं त माझी एक दुपार गेली. थैलीवाल्यानं फसवलं त सालभर गेलं. पन लोकं मलेच म्हनतेत, सत्तार पोरं बिघडवून राह्यला!"

फवारणी संपेल असं सांगून बियाणं विकलं गेलं. ते खरं असतं तर सत्तारभाईंचं दुकान कधीच बंद पडायला हवं होतं. उलट दरवर्षी पंपांची रांग वाढत गेली. अळी मरेना, औषध जास्त जहाल होत गेलं, आणि पंप मात्र तेच, जुने, गळके. या रांगेचा जाब कुणी विचारला नाही. पेटीचा मात्र सगळ्यांनी विचारला.

अजून एक खोड सांगते. टीव्हीच्या काचेवर त्यांनी काळ्या रेक्झिनचा पडदा बसवला आहे. शेवटचा जीव गेला की पडद्यावर खेळ संपल्याची इंग्रजी अक्षरं येतात. ती यायच्या आत सत्तारभाई दोरी ओढतात आणि पडदा धप्पकन खाली पडतो. खेळणारे चिडतात. "खेळ संपला हे मशीननं सांगाचं नाई," ते म्हणतात, "आमचं आमी पाहू." मात्र मारामारीच्या खेळात माणूस पडल्यावर मशीन दहापासून उलटे आकडे मोजतं आणि पुढे चालू ठेवायचं का असं विचारतं, तेव्हा पडदा वर असतो. "हे चांगलं आहे. मारते, पन इचारते तरी. आपल्याले कोनी इचारलं?"

मग पाहणी पथक येणार असल्याची बातमी आली. कापसाचं नुकसान पाहायला मोठे साहेब गाड्या घेऊन येणार, गुरुवारी, स्टँडवरूनच. सरपंचांनी गाव तयार करायला घेतलं. वाळलेली झाडं शेतातून उपटून रस्त्याच्या कडेला रचली. कुणी बोलायचं, कुणी नुसतं उभं राहायचं, हे ठरलं. आणि मग ते ग्रामसेवकाला घेऊन पंपाच्या दुकानात आले. मी तिथेच होते.

"सत्तारभाई, ही पेटी गुरुवारी आत घ्या."

"काऊन?"

"साहेब लोकं येऊन राह्यले ना. असं हासनं-खिदळनं पाहून काय म्हनतीन? म्हनतीन, या गावाले कसलं दुःख?"

"मंग मी काय करू? झेंड्याखाली बसून रडू?"

"एक दिवसाची गोष्ट आहे, भाई."

"दुसरा कोनताही दिवस सांगा सरपंच, पेटी नाल्यात फेकतो. गुरुवार नाई."

"नाई त पंचायतीची मानसं उचलतीन."

"उचला. पन दोघं लागतीन. एकल्याले नाई भेटत."

सरपंच तणतणत गेले. जाताना मला म्हणाले, याच्याविरुद्ध एक पत्रक काढा. माझंही डोकं तापलं होतं, पण ते दुसऱ्या कारणाने. दुःख पाहायला येणाऱ्यांसाठी दुःखाची आरास करायची, आणि ती बिघडू नये म्हणून माणसांनी हसणं आवरायचं? कुठल्या कायद्यात हे लिहिलं आहे? पण गुरुवारच का, हे मलाही कळेना. सत्तारभाईंना विचारलं तर त्यांनी माझ्या पाठीला वर्तमानपत्र बांधण्याची धमकी दिली.

गुरुवारी सकाळपासून सत्तारभाईंनी पेटी चार वेळा पुसली. वीज जाणार म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवली. पंचायतीची दोन माणसं आली, पेटीकडे पाहिलं, सत्तारभाईंच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं आणि झाडाखाली जाऊन बसली. दुपारी वस्तीकडून एक बाई नवऱ्याचा दंड धरून हळूहळू येताना दिसली. त्या सुमनवहिनी. आणि तो माणूस म्हणजे भास्करराव, सत्तारभाईंचा तरुणपणापासूनचा दोस्त. दोन हंगामांपूर्वी फवारणी करताना ते शेतात पडले. दवाखान्यातून जिवंत परतले, पण नजर अंधुक झाली आणि हात थरथरायला लागले. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. आलेल्या माणसाकडे पाठ करून बसायचे.

"तोंडातून हो म्हनाले बाई, गुरुवारी येतो म्हनून," सुमनवहिनी मला हळूच म्हणाल्या. "आज नोको, उद्या ये म्हटलं असतं त उद्या नाई म्हनले असते."

त्या बाजेवर टेकल्या आणि बोलत राहिल्या. भास्कररावांचा तो पंप पाठीवर गळत होता. आदल्याच आठवड्यात याच दुकानातून दुरुस्त होऊन गेला होता. सत्तारभाईंनी नळी बदलली होती, तळाची चीर दिसली नव्हती. त्या पंपाचं पुढे काय झालं, हे वहिनींनी नुसत्या हनुवटीने दाखवलं. पेटीचा उजवा दांडा.

"घरी येतेत ना भाई, तवा म्हनतेत, वहिनी, चहा कपात नोको, पेल्यात द्या याले. मंग नुसतं पाहत राह्यतेत. कोनत्या हातानं धरते, किती घट धरते. दुसऱ्या वक्ताले वाटी देऊन पाहतेत. मले वाटे, भाईच्या डोक्यात काई फरक पडला. मंग इथं येऊन पाह्यलं त दांड्याले पट्टी वाढलेली."

मी पेटीकडे पाहिलं. पंजाएवढी बटणं. थरथरणारा हात निसटणार नाही असा जाड दांडा.

सत्तारभाईंनी डब्यातून एक कॅसेट काढली. दोन रणगाड्यांचा जुना खेळ. खाली विटांच्या कोटात एक पाखरू असतं, आणि दोघांनी मिळून ते वाचवायचं असतं. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत हे दोघं तोच खेळायचे.

"पाखरू तू सांभाळ बे. मी पुढं जातो," सत्तारभाई म्हणाले. आवाज नेहमीसारखाच भडकलेला होता, फक्त ते भास्कररावांकडे पाहत नव्हते.

भास्कररावांनी दांडा चाचपला. पट्ट्यांवरून हात खाली नेला, जिथे लोखंड उघडं होतं तिथपर्यंत. तिथे थांबले. मला वाटलं, आता हे उठून जाणार. सत्तारभाईंनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांच्या हातातला पाना टेबलावर पडला.

"हा माझ्या पंपाचा होय का बे?"

"हाव."

भास्कररावांनी दांडा एकदा चारी दिशांना झुकवून पाहिला. मग भास्करराव म्हणाले, "आता त नाई ना गळत?"

"नाई."

"मंग लाव."

खेळ सुरू झाला. त्याच वेळी साहेबांच्या गाड्या आल्या. काळ्या काचा, पुढे दिवा. सरपंच हार घेऊन धावले. रचलेल्या वाळल्या झाडांवर धूळ उडवत गाड्या सरळ पुढे निघून गेल्या. एकही थांबली नाही. एकही काच खाली झाली नाही. ज्यांच्यासाठी हसायचं नव्हतं, त्यांनी इकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

पेटीपाशी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. "डावीकून आला! डावीकून!" सत्तारभाई ओरडत होते. भास्कररावांचा रणगाडा थरथरत भिंतीला धडकत होता. शेवटी कोट फुटला, पाखरू गेलं, आणि सत्तारभाईंनी सवयीने दोरी ओढली. पडदा धप्पकन खाली.

"पडदा काऊन टाकला बे?" भास्करराव म्हणाले. "मले दिसते थोडं थोडं. हारलो ना आपुन?"

"हाव. हारलो."

"तुह्यामुळं. तू पुढं पळते नेहमी. काढ तो पडदा."

सत्तारभाईंनी पडदा वर केला नाही. खिळ्यासकट उपटून काढला. मग तोंड पुसायला दुसरं काही सापडलं नाही म्हणून त्याच रेक्झिनने तोंड पुसलं, आणि माझ्यावर ओरडले, "काय पाहून राह्यली पत्रकबाई? लिही ना काई!"

म्हणून हे लिहिलं आहे. आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या गावातही फवारणीवरून परतल्यापासून घराबाहेर न पडलेलं कुणी असेल. त्याच्या घरी जा. त्याची विचारपूस करू नका, ती करणारे खूप येऊन गेले आहेत. त्याच्याशी एखादं जुनं भांडण उकरून काढा आणि त्याला घेऊन दुसरबीडला या. स्टँडवर कुणालाही विचारा. थोडं थांबावं लागेल, कारण भास्करराव उजवा दांडा लवकर सोडत नाहीत. पण या. फक्त एकटे येऊ नका.