मखमलच्या कपाळावरचा ठिपका

"कापायला मी काय कापड आहे?"

पडद्यापलीकडून सासरे पुटपुटले. पुटपुटणं असं की स्वतःशीच बोलल्यासारखं वाटावं, पण पार्लरच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही नीट ऐकू जावं. सुनेच्या दातांत दोरा होता, त्यामुळे तिला उत्तर देता येईना. गिऱ्हाइकाची एक भुवई झाली होती, दुसरी व्हायची होती. तशा अर्धवट अवस्थेतही ती बाई डोळे मिटून म्हणाली, "अजून तयार नाहीत का ऑपरेशनला?"

म्हणजे ही गोष्ट गल्लीभर झालीच होती. सासऱ्यांना हर्निया झाला होता. उभा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेला, लोखंडी वजनं उचलून उचलून शेवटी पोटानं दगा दिला. "साधं ऑपरेशन आहे," डॉक्टर म्हणाले होते, "पण टाळू नका. आतडं अडकलं तर सगळ्यांचीच धावपळ होईल." त्यातलं 'टाळू नका' सोडून बाकी सगळं सासऱ्यांनी ऐकलं. आधी उकाडा होता, मग सर्दी झाली, मग डॉक्टर फारच कोवळा वाटला. शेवटी मुलानं जेवताना आवाज चढवला, तेव्हा हातातला घास ताटात ठेवून त्यांनी जाहीर केलं, "ठीक आहे. एकदा मखमलला बघतो. मग काय कापायचं ते कापा."

मखमल हा घोडा होता. रेसकोर्सवर जॉकींना तोलायचा जो मोठा काटा असतो, तो सासऱ्यांच्या देखरेखीखाली होता, आणि त्या काट्यापायी त्यांना हँडिकॅप शर्यतींचं वेड लागलं. चांगल्या घोड्याच्या पाठीवर शिशाचं वजन जास्त, सुमाराच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात. "बाकीच्या शर्यतीत घोडा पळतो," सासरे म्हणत, "हँडिकॅपमध्ये माझा काटा पळतो." त्यांचे लाडके घोडे सुनेला माहेरच्या नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ होते. बेफिकीर वळणावर आला की प्रेक्षकांकडे बघायचा आणि तेवढ्यात मागे पडायचा. पाहुणा सुटायचाच उशिरा आणि सगळ्यांच्या शेवटी असा यायचा, की जणू दुसऱ्यालाच भेटायला आलाय. आणि मखमल! सगळ्यांत जास्त वजन नेहमी त्याच्यावर. तरी मान खाली घालून यायचा, कधी दुसरा, कधी तिसरा. त्याचं नाव निघालं की सासऱ्यांचा आवाज मऊ व्हायचा. तो तसा घरातल्या माणसांशी बोलताना का होत नाही, हा सासूबाईंचा जुना प्रश्न होता.

सून दुसऱ्याच दिवशी टेलरकाकांकडे गेली. हे सासऱ्यांचे रेसकोर्सवरचे जुने मित्र, जॉकींचे रंगीत सदरे शिवणारे.

"मखमल?" टेलरकाकांनी मशीन थांबवलं. "अगं, तो केव्हाच गेला. पण तुझ्या सासऱ्याला सांगू नकोस हं. खचेल तो. मी इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही."

"मग आता मी काय करू, काका? घोडा दाखवल्याशिवाय ते हॉस्पिटलची पायरी चढणार नाहीत."

टेलरकाकांनी टेप गळ्यात अडकवली. "तपकिरी घोडा तर होता. तपकिरी कापडाला काय तोटा आहे?"

शहराबाहेर लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारा एक तबेला होता. टेलरकाकांनी तिथला तपकिरी जीव टेपनं मोजला. पाठ, मान, पाय. "उंचीला थोडा कमी भरतोय, पण म्हातारपणी माणूसही आखडतो," असा निकाल दिला. प्रश्न एकच राहिला. मखमलच्या कपाळावर, डाव्या डोळ्याच्या जरा वर, तुटायला आलेल्या गुंडीसारखा लोंबता पांढरा ठिपका होता.

"ते तुझं खातं," काका सुनेला म्हणाले.

नवऱ्यानं ऐनवेळी "ऑफिसात ऑडिट आहे" म्हणून अंग काढून घेतलं. सुनेनं सकाळची गिऱ्हाइकं परत पाठवली, पांढऱ्या मातीचा फेसपॅक कालवला आणि बसनं तबेल्यावर पोचली. तिनं आजवर शेकड्यांनी चेहरे पाहिले होते, इतका शांत चेहरा पहिलाच. ब्रशनं ठिपका काढला, कडा बोटानं सारख्या केल्या. एकच गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. फेसपॅक लावल्यावर हलायचं नाही, हे गिऱ्हाइकाला सांगता येतं.

दुपारी सासूबाई आणि टेलरकाकांना घेऊन सासरे आले. इस्त्रीचा शर्ट, हातात गाजरं, चेहरा मात्र शाळेत ओढत आणलेल्या पोरासारखा. दारातून आत येताच ते थबकले.

"बघ की," टेलरकाका म्हणाले. "ओळखलं ना त्यानं तुला?"

सासऱ्यांनी गाजरं खिशात कोंबली. हळूच पुढे झाले, मानेवर हात ठेवला. हात तिथेच राहिला. "त्या शेवटच्या शर्यतीला," ते म्हणाले, "एवढं वजन होतं याच्यावर की मीच काटा दोनदा तपासला. वाटलं, माझीच चूक झाली असणार. तरी तिसरा आला. आला आणि माझ्याकडे बघितलं."

"लग्नाच्या वाढदिवसाचं विचारा, आठवणार नाही," सासूबाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या.

तेवढ्यात गाजर बघून मखमल जोरात शिंकला. वाळलेल्या ठिपक्याला तडा गेला. मग त्यानं मान झटकली आणि अर्धा ठिपका सासऱ्यांच्या शर्टावर येऊन बसला. तबेलेवाला छताकडे बघू लागला. सून जमिनीकडे. टेलरकाकांना खोकल्याची उबळ आली आणि ते पुढे होऊन मित्राचा शर्ट झटकू लागले, "पापुद्रे रे, म्हातारपणी कातडी सुटते."

सासरे घोड्याच्या मागच्या बाजूला गेले.

"टेलर, मखमल घोडा होता."

"होता की."

"ही घोडी आहे."

टेलरकाका वाकले. सून वाकली. तिचं काम कायम मानेच्या वर, काकांचं टेपच्या दोन टोकांमध्ये. इकडे कुणीच बघितलं नव्हतं.

"वयानं होतं असं कधी कधी," टेलरकाका म्हणाले.

"पुरे!" सासूबाईंनी रुमाल खाली घेतला. "मेलाय तो घोडा. कधीचा मेलाय. हिला माहीत, काकांना माहीत, मला माहीत. एका मेल्या घोड्यासाठी मी दुपारची झोप घालवली."

"बाबा," सून घाईघाईनं म्हणाली, "तुम्हाला धक्का बसू नये म्हणून आम्ही..."

"मला कसला धक्का? त्याला पुरला तेव्हा मी तिथे उभा होतो. या टेलरला सांगितलं नाही, रडत बसला असता."

"मला सांगितलं नाहीस?" टेलरकाका खरोखरच दुखावले. "अरे, मी तुला सांगितलं नव्हतं!"

सुनेचा आता तोल गेला. "म्हणजे माहीत असताना मागितलात? बाबा, मी गिऱ्हाइकं परत पाठवली. बसमध्ये उभी राहून आले. घोडीला फेशियल केलं मी, फेशियल! ते कशासाठी?"

"मला काय माहीत तुम्ही आणाल!" सासरे उलट तिच्यावरच उखडले. "मेलेला घोडा मागितला की सुटलो, असं कुणालाही वाटेल. तुम्ही लोक हजर करून मोकळे! या घरात धड एक अडचणसुद्धा टिकू देत नाहीत!"

तेवढ्यात घोडीनं त्यांच्या खिशात नाक खुपसून उरलेलं गाजर शोधलं. सासऱ्यांनी ते तिला दिलं आणि नखानं तिच्या कपाळावरचा उरलेला पॅक हलकेच खरवडू लागले, तिला दुखू नये अशा बेतानं.

"पण सुटायचं कशातून होतं एवढं?" सासूबाईंनी विचारलं. आवाज आता खाली आला होता. "डॉक्टर म्हणतात साधं आहे. मुलगा म्हणतो साधं आहे. शेजारच्यांचं झालं, चौथ्या दिवशी जिना चढत होते."

"साधं, साधं! जो येतो तो साधं म्हणून जातो. टेबलावर त्यांच्यापैकी कुणी झोपणार आहे का?" सासऱ्यांनी घोडीच्या मानेवर कपाळ टेकलं, म्हणजे तोंड कुणाला दिसू नये. "अगं, मला भीती वाटते."