शेवाळाची पाठवणी

आमच्या माशांच्या टाकीतलं शेवाळ चार दिवसांसाठी म्हणून आलं आणि दिवाळी उलटली तरी जायचं नाव घेईना.

आलं तेव्हा रीतसर विचारून आलं, एवढं मी मान्य करते. "वहिनी, कोपऱ्यात पडून राहीन," म्हणालं. मी हो म्हटलं. अर्धांगाच्या झटक्यापासून हे खाटेवर. त्यांना बघायला काहीतरी असावं म्हणून टाकी खाटेसमोर ठेवलेली, त्यात एकच सोनेरी मासा, नाव चंपी. घरात आणखी एक जीव, म्हटलं, असू दे.

शेवाळ कोपरा सोडून आधी दगडांवर बसलं, मग नळीवर, मग चारही काचांवर. चंपी दिसेनाशी झाली. तेही चाललं असतं. पण रोज पहाटे ती पाण्यावर तोंड काढून आ करायला लागली. रात्रीची सगळी हवा पाहुणाच ओढायचा.

"चंपीला श्वास पुरत नाही," मी त्याला सांगितलं.

"मलाही दाटीच होते, वहिनी," ते म्हणालं.

मी भांडी घासायचा काथ्या घेऊन काच खरवडली. दुपारच्या चहाला ते परत जागेवर. म्हणालं, "पाठ छान चोळलीत." टाकीवर वाकळ टाकून अंधार केला. वाकळ काढली तर जांभई देत म्हणालं, अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. शेवटी शेवाळ खायला गोगलगायी आणून सोडल्या. त्या त्याच्याशी गप्पा मारत बसल्या. ज्याच्या घरी बसायचं त्यालाच खायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

मग मी मासेवाल्या मुजावरांच्या दुकानात गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काकू, आग्रह झाल्याशिवाय शेवाळ राहत नाही. घरात त्याला वाढतंय कोण?"

घरात आम्ही दोघंच. मी आले आणि थेट ह्यांच्या उशीखाली हात घातला. माशांच्या खाण्याचा डबा निघाला, तळाला गेलेला.

"चंपीला चिमूटभर पुरतं. बाकीचं कुणाला?"

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "रमी खेळतं ते माझ्याशी. पानं काचेला चिकटवून धरतं. तू दिवसभर शिलाईमशीनवर. मासा काही बोलत नाही."

"म्हणून मासा मारायचा?"

"झटक्यापासून तू, शेजारी, सगळे माझ्याशी मुद्दाम हरता. ते हरत नाही."

मी आवाज चढवला. "उद्या चंपी उताणी तरंगली तर तुम्हीच बघा तिच्याकडे. नाहीतर पाहुण्याला निघायला सांगा. मी सांगणार नाही, पाहुणा तुमचा आहे."

ह्यांनी शेवाळाशी एक शेवटचा डाव खेळून संपवला आणि त्याला निघायला सांगितलं. शेवाळानं वाद घातला नाही. दगडांवरून, नळीवरून स्वतःला गोळा केलं आणि बोचकं होऊन बादलीत उतरलं. गोगलगायी त्याला पोचवायला निघाल्या, त्या अजून वाटेतच आहेत.

मी बादली उचलून ओढ्याकडे निघाले तर हे म्हणाले, "मालन, रिकाम्या हातानं पाठवतेस?"

निघालेल्याच्या हातावर दही ठेवायचं, म्हणजे तो सुखरूप परत येतो. हे मी जन्मात कधी चुकवलेलं नाही. शेवाळाला हात सापडेना, म्हणून जरा कडेला चमचाभर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काच आरपार दिसली. चंपी तळाशी निवांत फिरत होती. हे पत्ते पिसत राहिले, पिसतच राहिले.

रविवारी उंबऱ्यावर ओल दिसली. शेवाळ उभं होतं.

"वहिनी, दही दिलंत ना?"

"दिलं," मी म्हटलं. दिलेलं नाही कसं म्हणू? "पण टाकीकडे फिरकायचं नाही."

परातीत पाणी घालून मी ती खाटेला लावली. "इथं बसायचं, खेळायचं, दिवेलागणीला आपल्या ओढ्यावर."

"आणि खायला?"

"आग्रह होणार नाही."

हे उशीला टेकून बसले आणि ह्यांनी पानं वाटली. चंपी काचेशी येऊन बघत राहिली. पहिला डाव हे हरले. "पुन्हा वाट," शेवाळाला म्हणाले, आणि मी मशीनवर जाऊन बसले.